बिनआकड्याची जाळी

मेढ्याच्या वर, जिथं डांबर संपतं आणि कातळ सुरू होतो,
तिथं एका उन्हाळ्यात आम्ही
एकशे बारा जाळ्यांना पत्र्याचे बिल्ले बांधले.
करवंदाच्या जाळ्या. कुणी लावल्या नव्हत्या,
कुणी मोजल्याही नव्हत्या.

माझं काम सांगायला सोपं:
दर जाळीची वीस पिकली फळं,
लांबी, रुंदी, वजन, बिया किती, गर किती,
देठाशी चीक किती.
काचेवर दोन थेंब पिळायचे
आणि उजेडाकडे तोंड करून गोडी वाचायची.
सड्यावरच्या वाऱ्यानं काटा थरथरायचा.
छत्री आडवी धरून, श्वास रोखून
मी तीन ग्रॅमची वाट बघायचो.

सोबत रोजावर बयाबाई येडगे.
कॅलिपर हातात दिला तर म्हणाल्या,
"एवढ्या चिमट्यानं धरायला ते काय इंचू हाय?"
आणि वीसच्या वीस फळं
उघड्या बोटांनी, काटा न लागता, माझ्या ताटलीत.

'गराचा रंग' या रकान्यात पर्याय तीन होते:
लाल, गुलाबी, पांढरट.
बाईंची नात सोनल फळ दातांत धरून विचारायची,
"कोंबडा का कोंबडी?"
मी चुकलो की एक फळ तिचं.
आठवड्याभरात शास्त्राची चौदा फळं
मी अशी हरलो.

बयाबाईंची नोंदवही तोंडात होती.
सतरा नंबर? ग्वाड हाय, पन वर्साआड.
चाळीस दिसायला देखणी,
पाटी साताऱ्याच्या स्टँडला पोचस्तवर निम्मी रस हुती.
अठ्ठ्याऐंशीला शेरडंबी तोंड लावत न्हाईत,
लोणच्याला मात्र तीच.
आणि त्रेसष्टवर आधी बुलबुल येतो, मग मानसानं यावं.
माझ्या तक्त्यात बुलबुलाला जागा नव्हती.
समासात लिहीत गेलो. समास भरल्यावर
कागद फिरवून आडवं लिहिलं.

तीन हंगामांची बेरीज झाली
आणि त्रेसष्टच पहिली आली.
मोठं फळ, थोड्या बिया, चीक नावाला.
कराडला आमच्या खोलीत पेढे वाटले.
चौथ्या मे महिन्यात कलमं घ्यायला गेलो,
तर त्रेसष्टच्या जागी चार खुंट.
खालच्या नव्या प्लॉटच्या कुंपणात
ती वाळून पडली होती, काट्यांसकट,
बिल्ला शाबूत, आकडा स्वच्छ वाचता येत होता.

बयाबाईंनी बिल्ला सोडवून माझ्या हातावर ठेवला.
थोडा वेळ डोंगराकडे बघितलं.
मग म्हणाल्या, "चला."

घळीतून, बसत-घसरत, ओढ्याच्या अंगाला.
तिथं एक जाळी, बिल्ल्याशिवाय,
काळ्या फळांनी वाकलेली.
"तीन वर्सं हिच्या अंगावरनं गेलासा,
म्या बोलले न्हाई."
"का?"
"आकडा पडला की मानसं येत्यात."
त्यांनी एक फळ खुडलं, पुढं केलं.
"खावा. आन् बिया हितंच थुका."

खाल्लं. काटा काढला नाही, काच काढली नाही.
कोंबडी होती.
ओठ चिकटले नाहीत.
बाकी जे होतं त्याला आमच्याकडे एकक नाही.
बिया तिथंच थुंकलो, बाईंच्या देखत.

रात्री कराडला चूळ भरताना
दाढेतून एक बी निघाली.
बेसिनच्या कडेला ठेवून तिच्याकडे
मी बराच वेळ बघत राहिलो.
करवंदाची बी वाळली की कामातून जाते,
हे दरवर्षी मीच वर्गात सांगतो.

आता मागच्या शेडमध्ये, काळ्या पिशवीत
तिला सहा पानं आहेत, काटे अजून मऊ.
फळ धरायला तीन-चार वर्षं लागतील,
आणि ते आईसारखं निघेलच असं नाही;
बियांचं तसं असतं.
बयाबाईंना सांगितलेलं नाही.
दर सोमवारी रजिस्टर घेऊन आमचे देसाईमामा येतात,
पिशव्या मोजतात, त्या एकीपाशी थांबतात,
"सर, हिचा नंबर काय टाकू?"
मी म्हणतो,
मामा, पाणी जास्त होतंय हिला. उद्या नका घालू.